पोस्टरशेजारी उभे राहताना

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे परिषदांचा हंगाम सुरू होतो आणि तो फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेच्या फेऱ्या, विषयवार राष्ट्रीय परिषदा आणि महाविद्यालयांची चर्चासत्रे यांची परिपत्रके याच काळात सूचनाफलकावर एकावर एक चिकटवली जातात. तेव्हा या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे पोस्टरविषयी, म्हणजे आपले संशोधन एका मोठ्या कागदावर मांडून त्याच्याशेजारी उभे राहून समजावून सांगण्याविषयी होती, यात नवल नाही. त्यांतली काही निवडून आणि थोडी आटोपशीर करून येथे देत आहे. माझे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेले, त्यामुळे उदाहरणे शेता-रानातली जास्त आली आहेत. इतर शाखांच्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या तालुक्यातील विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यातील फ्लोराईड हा माझ्या प्रकल्पाचा विषय असून राज्यस्तरीय परिषदेत पोस्टरसाठी माझी निवड झाली आहे. आमचे सर म्हणतात की अहवालातले काहीही सुटता कामा नये, नाहीतर परीक्षक गुण कापतात. साठ पानांचा अहवाल एका पोस्टरवर बसवायचा कसा? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : तो बसवू नये. तुमच्या सरांची काळजी मला समजते, कारण ‘याचा उल्लेख नाही, त्याचा उल्लेख नाही’ असे शेरे मारणारे परीक्षक असतातच आणि एके काळी मीही त्यांच्यातलीच होते. पण जरा परीक्षकाच्या जागी उभ्या राहून पाहा. मांडवात ऐंशी-शंभर पोस्टर लावलेली असतात, हातात गुणपत्रिका असते, जेवणाच्या सुट्टीआधी सगळी पाहून संपवायची असतात. एका पोस्टरसमोर जेमतेम चार-पाच मिनिटे मिळतात आणि त्यांतली तीन तुमचे बोलणे ऐकण्यात जातात. उरलेल्या वेळात उभ्या-उभ्या, दीड मीटर अंतरावरून, चष्मा वरखाली न करता जेवढे वाचता येईल, तेवढाच मजकूर पोस्टरवर आहे असे धरून चला.

सुरुवात संगणकावर करू नका. कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा : या कामातून मला असे काय कळले, जे आधी माहीत नव्हते? ते वाक्य जमले की शीर्षकही जवळजवळ जमले. ‘अमुक तालुक्यातील भूजलातील फ्लोराईडच्या प्रमाणाचा तुलनात्मक अभ्यास’ हे शीर्षक अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभते. ते तुम्ही काय केले हे सांगते, पण काय आढळले ते सांगत नाही. समजा, उघड्या विहिरींपेक्षा खोल कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आढळले असेल, तर तेच शीर्षकात येऊ द्या : ‘कूपनलिका जितकी खोल, तितके पाण्यात फ्लोराईड जास्त’. तालुक्याचे नाव खाली लहान अक्षरांत आले तरी चालते.

त्यानंतर हे वाक्य सिद्ध करायला जे लागते तेवढेच घ्यावे. तुमच्या बाबतीत तो एक नकाशा आणि एक आलेख आहे. अहवालातला चाळीस ओळींचा तक्ता कोणीही वाचणार नाही. त्याच चाळीस आकड्यांचे ठिपके खोलीच्या अक्षावर मांडा. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० मध्ये, फ्लोराईडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा १.५ मिलिग्रॅम दिलेली आहे. या दोन आडव्या रेषा आलेखावर ओढल्या की कोणते ठिपके रेषेच्या वर आहेत हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. पद्धतीसाठी चार ओळी पुरेत : नमुने कोणत्या महिन्यात घेतले, किती घेतले, मोजणी कशाने केली. फ्लोराईडची काचेशी प्रक्रिया होऊ शकते म्हणून नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत घेतले असतील, तर तेही अर्ध्या ओळीत सांगा. जाणकार परीक्षकाची नजर नेमकी तिथे थांबते. गोषवारा परिषदेच्या पुस्तिकेत छापलेला असतोच, तो पोस्टरवर पुन्हा नको. फ्लोराईडच्या शोधाचा इतिहास, उपकरणांची छायाचित्रे, द्रावणे तयार करण्याची कृती हे सगळे गाळावे. एकूण शब्द ४०० ते ५०० असावेत. सरांच्या समाधानासाठी अहवालाची स्पायरल प्रत हाताशी ठेवा. कोणी मागितलीच तर देता येते, आणि काही सुटले असे कोणाला म्हणता येत नाही.

अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही, हे पडद्यावर कधीच कळत नाही. त्याची घरच्या घरी होणारी चाचणी अशी आहे. ए-झीरो कागद ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे लांबी-रुंदीला आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदाच्या बरोबर चौपट. संपूर्ण पोस्टर एका ए-फोर कागदावर छापून घ्या आणि हातात धरून वाचा. पोस्टरवरचे २४ पॉइंटचे अक्षर त्यावर ६ पॉइंटचे दिसेल, औषधाच्या पट्टीवरच्या मजकुरासारखे. ते डोळे न ताणता वाचता आले, तरच मूळ पोस्टर दीड मीटरवरून वाचता येईल. हा कागद घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला वाचायला द्यावा. परीक्षक त्याच वयाचे असतात.

प्रश्न : मी तोंडी सादरीकरणासाठी गोषवारा पाठवला होता, तो ‘पोस्टर म्हणून स्वीकारला’ असे उत्तर आले. हा सभ्य भाषेतला नकार समजायचा का? प्रवासखर्च स्वतःच करायचा आहे, म्हणून विचारतो. (संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : नकार समजू नका. निबंधांची संख्या व्याख्यानांच्या वेळेत मावेनाशी झाली, तेव्हा १९७० च्या दशकात पोस्टरची पद्धत परदेशातील मोठ्या परिषदांत रुळली आणि मागाहून आपल्याकडे आली. भूविज्ञान किंवा मेंदूविज्ञान यांच्या जागतिक परिषदांत आज हजारोंनी पोस्टर असतात आणि त्यांच्याशेजारी नामांकित शास्त्रज्ञही उभे असतात. हिशोबच करायचा तर तोंडी सादरीकरणात तुम्हाला दहा मिनिटे आणि दोन प्रश्न मिळतात, तेही अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही तर. पोस्टरला दीड-दोन तास मिळतात आणि तुमच्या विषयातला माणूस चालत तुमच्यापर्यंत येतो.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्याकडील काही परिषदांत पोस्टर भोजनगृहाच्या वाटेवरच्या बोळात लावतात, त्यांची वेळ नेमकी जेवणाच्या वेळी ठेवतात आणि उद्घाटनाची भाषणे लांबली की पहिली कात्री तिथेच लावतात. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचाराव्यात : पोस्टरसाठी वेगळी वेळ राखून ठेवली आहे का, आणि त्या वेळेत समांतर व्याख्याने आहेत का. उत्तर टाळाटाळीचे आले, तर खिशातले पैसे दुसऱ्या परिषदेसाठी राखून ठेवावेत.

प्रश्न : द्राक्षांवरील केवडा रोगाविषयीचे आमचे पोस्टर मराठीत आहे. मागच्या वेळी गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे छापले, तेव्हा ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दाचे तुकडे झाले आणि ‘पिकावरील’चे ‘पकिावरील’ झाले. छायाचित्रेही फाकलेली आली. चूक कोणाची? (एक शिक्षक, निफाड)

उत्तर : चूक अर्धी त्यांची आणि अर्धी तुमची, असा निवाडा मी देते, आणि तो स्वानुभवातून देते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाचे पोस्टर परिषदेच्या आदल्या रात्री नऊ वाजता हातात आले, तेव्हा शीर्षकातला प्रत्येक ऱ्हस्व इकार एक घर पुढे सरकलेला होता. सकाळी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून, त्यांवर स्केचपेनने शीर्षक लिहून ते चिकटवले. परीक्षकांनी अक्षराचे कौतुक केले, एवढेच काय ते पदरात पडले.

कारण असे आहे. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये टाइप करता. अनेक फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते, तिला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकाराची जागा नीट सांभाळता येत नाही. किंवा मग दुकानदार तुमचा मजकूर आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो आणि त्या बदलात अक्षरे फुटतात. ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘त्र’ आणि इकार यांच्यावर पहिला घाला पडतो. यावर उपाय म्हणजे पॉवरपॉइंटची किंवा वर्डची उघडी फाइल दुकानात कधीही द्यायची नाही. आपल्याच संगणकावर पीडीएफ तयार करावी, ती फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि दुकानात ‘मजकूर कर्व्हमध्ये घ्या’ असे स्पष्ट सांगावे. कर्व्ह म्हणजे अक्षराचे चित्रात रूपांतर. एकदा ते झाले की अक्षर मोडायला उरतच नाही. अर्थात नंतर शुद्धलेखनही सुधारता येत नाही, तेव्हा मुद्रितशोधन आधी करावे.

आता फाकलेल्या छायाचित्रांविषयी. फ्लेक्सवाल्याचा हिशोब फुटांत चालतो. तुम्ही ए-झीरोची फाइल नेता आणि तो ‘तीन बाय चार’ म्हणून ती ताणून बसवतो. ए-झीरो फुटांत मोजला तर साधारण पावणेतीन बाय तीन फूट अकरा इंच भरतो. तो तीन बाय चारमध्ये ताणला की रुंदी उंचीपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त वाढते आणि गोल पेट्री डिश अंड्यासारखी दिसू लागते. एकतर फाइल मुळातच तीन बाय चार फुटांची करावी, किंवा ‘ताणू नका, कडेची पांढरी पट्टी कापून टाका’ असे सांगावे.

सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्राखाली ‘४०० पट’ असे लिहिण्याची आपली सवयही याच ठिकाणी अंगाशी येते. छायाचित्र पोस्टरवर मोठे झाले की ती पट खोटी ठरते. छायाचित्रातच मायक्रोमीटरची मोजपट्टी आखून घ्या, म्हणजे चित्र लहान-मोठे केले तरी तीही त्याच प्रमाणात बदलते. व्हॉट्सअॅपवरून आलेली छायाचित्रे वापरू नका, मूळ फाइल मागवा. छापील आकारात इंचाला १५० ठिपके मिळाले की काम भागते, म्हणजे एक फूट रुंदीच्या चित्राला १,८०० पिक्सेल. आणि शक्य असेल तर चकचकीत फ्लेक्स टाळून मॅट कागदावर छापावे, कारण मांडवातल्या दिव्यांची तिरीप फ्लेक्सवर पडली की नेमका आलेखच दिसेनासा होतो.

प्रश्न : सागराच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवण्यासाठी मी इंद्रधनुष्याच्या रंगांची पट्टी वापरते. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी ती बदलायला सांगितली, कारण मात्र सांगितले नाही. (संशोधक विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : त्यांचे म्हणणे बरोबर आहे. इंद्रधनुष्यातला पिवळा पट्टा डोळ्याला इतरांपेक्षा उजळ दिसतो, त्यामुळे तापमान संथपणे बदलत असलेल्या जागीही तिथे एखादी सीमारेषा असल्याचा भास होतो. काळ्या-पांढऱ्या प्रतीत तर लाल आणि निळा, म्हणजे सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड पाणी, दोन्ही सारखेच गडद येतात. शिवाय लाल आणि हिरवा यांतला फरक न कळणारी माणसे आपल्याला वाटतात तितकी विरळ नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे. गडदाकडून उजळाकडे एकसारखी जाणारी ‘व्हिरिडिस’सारखी पट्टी घ्या. पायथन या संगणकभाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात २०१७ पासून मुळात तीच बसवलेली आहे, म्हणजे तुम्हाला काही करायचे नाही, फक्त जुनी सवय मोडायची आहे.

प्रश्न : पोस्टरच्या मध्यभागी एकच मोठे वाक्य आणि बाकी जागा मोकळी, असे नव्या पद्धतीचे पोस्टर मी केले. माझ्या मार्गदर्शक मॅडमना ते ‘निवडणुकीच्या फलकासारखे’ वाटते. कोण बरोबर? (पीएच.डी. विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ही पद्धत माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये मांडली. ते तेव्हा अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होते आणि त्यांनी व्यंगचित्रांच्या एका व्हिडिओतून ती जगभर पोहोचवली. मध्यभागी सोप्या भाषेत मुख्य निष्कर्ष, त्याखाली क्यूआर कोड, एका बाजूला थोडक्यात काम आणि दुसऱ्या बाजूला चर्चेत लागतील असे आलेख-तक्ते, अशी तिची मांडणी आहे. चालता-चालता पाहणाऱ्यालाही काहीतरी हाती लागावे, हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो.

पण मॅडमच्या आक्षेपातही अर्थ आहे. मधले वाक्य ‘पाण्याच्या ताणामुळे उत्पादन घटते’ अशा थाटाचे असेल, तर ते पोस्टर न पाहताही कोणी सांगू शकेल आणि मधली सगळी जागा वाया गेली असे होईल. किती घटते, कोणत्या वाणात कमी घटते, पिकाच्या कोणत्या अवस्थेत घटते, हे त्या वाक्यात आले पाहिजे. शिवाय ज्या विषयांत चित्र हाच पुरावा असतो, उदाहरणार्थ शरीररचना किंवा वर्गीकरण, तिथे मोठ्या वाक्याची जागा मोठ्या चित्राला द्यावी. मॅडमना असे पोस्टर करून दाखवा. त्या नाही म्हणणार नाहीत असे वाटते. म्हटल्याच, तर त्यांचे ऐका, कारण सहलेखक म्हणून पोस्टरवर त्यांचेही नाव असते.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून शिकलो. गुलाबी बोंडअळीवर केलेले काम घेऊन प्रथमच परराज्यातील परिषदेला जात आहे. पोस्टर तयार आहे, परंतु त्याच्याशेजारी उभे राहून इंग्रजीत बोलायच्या कल्पनेनेच घाम फुटतो. पाठ करून जाऊ का? (कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, धुळे)

उत्तर : पहिली दोन वाक्ये पाठ करा, त्यापुढचे काहीही पाठ करू नका. पाठ केलेले भाषण मध्येच कोणी प्रश्न विचारला की तुटते, आणि पोस्टरसमोर प्रश्न मध्येच विचारले जातात. पुन्हा सुरुवातीपासून म्हटल्याशिवाय पुढचे आठवत नाही, अशी मुले मी पाहिली आहेत. ऐकणारा तोपर्यंत शेजारच्या पोस्टरकडे सरकलेला असतो.

तुमच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे आणि ती गोष्टीसारखीच सांगावी. आधी मराठीत सांगून पाहा : ‘अळी बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अळी दिसण्याआधी पतंग मोजायचे असतात. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ झाली, असे मानतात. आमच्या गावात शेतकरी हे सापळे लावतात, पण मोजत नाहीत. ते का मोजत नाहीत, हे आम्ही शोधले.’ अर्ध्या मिनिटाचे हे निवेदन ऐकून कोणीही ‘मग का मोजत नाहीत?’ असे विचारणारच, आणि विचारले की तुमचे संभाषण सुरू झाले. आता हीच पाच वाक्ये साध्या इंग्रजीत लिहा. एका वाक्यात एकच क्रियापद ठेवा. तुमच्यासमोर उभे राहणारे निम्मे लोक तेलुगू, तमिळ, बंगाली नाहीतर पंजाबी घरातले असतात आणि इंग्रजी त्यांचीही शाळेतच शिकलेली भाषा असते.

कोणी समोर आले की आपणहून लगेच बोलायला सुरुवात करू नका. त्यांना दहा सेकंद शीर्षक वाचू द्या, मग ‘आपण कोणत्या विषयात काम करता?’ एवढे विचारा. उत्तर कीटकशास्त्र असे आले, तर सापळ्यांच्या तपशिलाकडे जा; कृषी विस्तार असे आले, तर शेतकऱ्यांच्या मुलाखतींकडे. पोस्टरकडे तोंड करून वाचून दाखवणे हा सर्वांत सर्रास दिसणारा दोष आहे. तो टाळायचा तर पोस्टरच्या कडेला, अंग थोडे तिरके ठेवून उभे राहा, म्हणजे माणूसही दिसतो आणि आलेखावर बोटही ठेवता येते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, यात काही कमीपणा नाही. उत्तर माहीत नसेल तर ‘हे आम्ही मोजलेले नाही’ असे सरळ म्हणा. परीक्षक म्हणून हे वाक्य ऐकले की माझा त्या विद्यार्थ्यावर विश्वास बसत असे.

एका मुलीची आठवण सांगते. ज्वारीवरील खोडमाशी हा तिचा विषय होता आणि तिचे इंग्रजी यथातथाच होते. तिने पोस्टरशेजारच्या खुर्चीवर एका ट्रेमध्ये ज्वारीची सात-आठ कोवळी रोपे मांडून ठेवली होती. कोणी आले की ती काही न बोलता एक रोप उचलून त्यांच्या हातात देई आणि मधली पाने ओढायला सांगे. पोंगेमर झालेला, म्हणजे अळीने आतून कुरतडल्यामुळे वाळलेला मधला पोंगा अलगद उपटून हातात येई, त्याच्या बुडाशी कुजका वास असे. त्यानंतर तिला फार इंग्रजी बोलावे लागत नसे. आयोजकांना विचारून तुम्हीही एखादा रिकामा कामगंध सापळा घेऊन जा. फक्त जिवंत अळी किंवा पतंग नेऊ नका, आणि परदेशात तर वनस्पतीचा वाळका तुकडाही नेऊ नये. तिथे संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम आडवे येतात.

प्रश्न : साताऱ्याच्या पठारांवरील कंदीलपुष्पांच्या एका दुर्मीळ जातीची नवी जागा आम्हाला सापडली. पोस्टरवर अक्षांश-रेखांशांसह नकाशा द्यावा का? शिवाय लोक पोस्टरचे फोटो काढतात, त्याचे काय करावे? (संशोधक, सातारा)

उत्तर : नेमके अक्षांश-रेखांश देऊ नका. कंदीलपुष्पांचे कंद लोक खणून नेतात, आणि आता तर हौशी संग्राहक आणि छायाचित्रे काढायला निघालेली मंडळी यांच्यापासूनही जागा जपावी लागते. तालुका किंवा पठाराचे नाव इतपत सांगावे, नकाशावर मोठा चौकोन दाखवावा आणि ‘नेमकी जागा वनविभागाला कळवली आहे’ असे खाली लिहावे, अर्थात ती खरोखरच कळवलेली असेल तर.

फोटोंविषयी : पोस्टर लावले म्हणजे ते चारचौघांत मांडले, असे समजून चालावे. कोपऱ्यात ‘कृपया छायाचित्र घेऊ नये’ असे लिहिता येते आणि बरेच जण ते पाळतात. पण सगळेच पाळतील यावर विसंबून कोणतीही माहिती पोस्टरवर टाकू नये. नियतकालिकांची मात्र धास्ती नको. परिषदेतील गोषवारा किंवा पोस्टर हे पूर्वप्रकाशन धरत नाहीत, अशी बहुतेक वैद्यकीय व विज्ञानविषयक नियतकालिकांची भूमिका आहे.

पेटंटचे गणित वेगळे आहे. याच संदर्भात सांगलीहून एका अभियांत्रिकी प्राध्यापकांनी विचारले आहे, म्हणून येथेच सांगते. शोध आधी जगजाहीर झाला तर तो नवा उरत नाही, हे पेटंटचे मूळ तत्त्व आहे. भारतीय पेटंट कायदा, १९७०, याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे संशोधकाने स्वतः वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची सवलत आहे. पण पोस्टर त्या शब्दांत नेमके बसते की नाही यावर वाद घालण्याची वेळ स्वतःवर आणू नये, आणि युरोपात तर अशी सर्वसाधारण सवलतच नाही. परिषदेच्या आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करावा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. गोषवाऱ्यांची पुस्तिका परिषदेच्या आधीच प्रसिद्ध होते, हेही त्या हिशोबात धरावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये व्हिएन्नाला युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या परिषदेला जायचे आहे. उभे ए-झीरो पोस्टर नेऊ ना? (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

उत्तर : नको. तिथले फलक आडवे, १९७ सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच असतात. उभे ए-झीरो जवळजवळ १९ सेंटिमीटर खाली लोंबेल. आडवे करा, आणि छापण्याआधी त्या वर्षीच्या सूचनांशी एकदा ताडून पाहा. कागद गुंडाळायचा तर नव्वदेक सेंटिमीटरची नळी लागते आणि ती विमानात हातात नेऊ देतील की नाही, हे त्या दिवशीच्या कर्मचाऱ्यावर अवलंबून असते. पॉलिएस्टर कापडावर छापलेले पोस्टर घडी घालून कपड्यांच्या बॅगेत जाते. ते हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सामान उशिरा आले तर तुमची सदऱ्यांवाचून निभेल, पोस्टरवाचून निभणार नाही.

प्रश्न : दोन तास उभा राहिलो आणि तीनच माणसे आली : शेजारचा पोस्टरवाला, सभागृह चुकलेले एक प्राध्यापक आणि मांडवाचे काम करणारे एक काका. काकांनी ‘याचा शेतकऱ्याला काय उपयोग?’ असे विचारले. एवढा खर्च करून हेच मिळायचे का? (पदव्युत्तर विद्यार्थी, अकोला)

उत्तर : तुमची निराशा मला समजते, पण काही गोष्टी विचारल्यावाचून राहवत नाही. दोन तासांत तुम्ही मोबाइलकडे किती वेळ पाहत होता? पोस्टरशेजारचा माणूस खाली मान घालून बसलेला दिसला, की येणारे लोक त्याला त्रास नको म्हणून पुढे जातात. तुमच्या विषयातले कोण-कोण येणार आहेत हे गोषवाऱ्यांच्या पुस्तिकेतून आदल्या दिवशी शोधून, चहाच्या वेळी त्यांना ‘माझे पोस्टर अमुक क्रमांकावर आहे, पाहायला याल का?’ असे विचारले होते का? हे कोणी शिकवत नाही, आणि आपल्या मुलांना त्याचा संकोच वाटतो, हे खरे आहे. पण निमंत्रण मिळाले की बहुतेक ज्येष्ठ मंडळी येतात.

शेजारच्या पोस्टरवाल्याचा पत्ता घेतला असेल तर या आठवड्यात त्याला तुमच्या पोस्टरची पीडीएफ पाठवा आणि त्याची मागवा. दोन तास तुम्ही शेजारी-शेजारी होता, म्हणजे आयोजकांनी तुमचे विषय जवळचे मानले होते. चुकून आलेल्या प्राध्यापकांनी काही विचारले असेल, तर ते विसरण्याआधी वहीत लिहून ठेवा. विषयाबाहेरच्या माणसाचा प्रश्न पुढे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हमखास पुन्हा भेटतो.

आणि मांडवाच्या काकांना तुम्ही काय उत्तर दिलेत, ते पत्रात लिहिलेले नाही. पुढच्या पत्रात कळवा.